चांदण्या पांढऱ्या राहिल्या पाहिजेत

पहिला घाणा ओव्हनमधून बाहेर काढला तेव्हा ट्रेवर एकही चांदणी उरली नव्हती. आत ठेवताना वीस होत्या, प्रत्येकीला सहा टोकं होती. बाहेर आल्या त्या पसरून एकमेकींना मिळालेल्या, आणि वरचा पांढराशुभ्र थर खारकेच्या रंगाचा झालेला. घरभर दालचिनीचा वास सुटला होता. तुकडा मोडून खाल्ला तर चव छान होती. पण ही चांदणी पांढरी राहिली नाही तर तिला त्सिम्टश्टेर्न, म्हणजे नाताळात करायचं दालचिनीचं जर्मन बिस्किट, म्हणत नाहीत, एवढं मला तेव्हाही माहीत होतं.

ही २०२३च्या डिसेंबरातली गोष्ट. पुढच्या वर्षी मी त्या नीट करायला शिकले. कशी शिकले ते सगळं लिहून ठेवते आहे, कारण माझ्या हातात जी पाककृतीची चिठ्ठी होती तिच्यात यातलं निम्मंही नव्हतं.

आम्ही श्टुटगार्टमध्ये, बाड कानश्टाट भागात राहतो. वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. माझी मुलगी त्यांना सरळ 'ओमा' म्हणते, म्हणजे आजी. मी मात्र त्यांना आडनावाने हाक मारायचे आणि त्याही मला आडनावानेच. इथे 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचं असेल तर ते मोठ्या माणसाने सुचवायचं असतं, धाकट्याने नाही. आमची ओळख झाली ती जिन्यात. या भागात 'केरवोखं' नावाची पद्धत आहे: एकेका आठवड्याला एकेका बिऱ्हाडाने जिना आणि दारासमोरची वाट झाडायची, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी अडकवायची. त्या शब्दातला 'केर' जर्मन आहे, त्याचा अर्थ झाडणं. पण इतक्या दूर येऊन दारावरच्या पाटीवर 'केर' वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आम्ही मुंबईहून आलो म्हटल्यावर ओमा लगेच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या भगिनीशहरातून." मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनीशहरं आहेत, हे मला मुंबईत कुणी सांगितलं नव्हतं. ते इथे जिन्यात कळलं.

२०१९च्या नाताळात त्यांनी खाली एक ताटली पाठवली. नाताळच्या अशा छोट्या बिस्किटांना इकडे 'गुट्सले' म्हणतात. ताटलीत बडीशेपेसारख्या वासाची, लाकडी साच्यात उठवलेली श्प्रिंगेर्ले होती, मधे जॅम घातलेली हिल्डाब्रोटले होती आणि एका बाजूला मोजून तीन चांदण्या. तीनच का ते मला पुढे स्वतः केल्यावर कळलं. ताटली रिकामी परत करायची नाही ही आईची शिकवण, म्हणून मी तिच्यात बदामाच्या वड्या घालून दिल्या. ओमांनी एक तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "मार्झिपान! पण हा वास कसला?" वेलदोडा. तेव्हापासून ती ताटली वर-खाली फिरतेच आहे.

दोन वर्षांनी ताटलीतून चांदण्या गेल्या. ओमांच्या अंगठ्यांच्या सांध्यांना संधिवाताने धरलं होतं. बाकीची बिस्किटं कशीबशी जमायची, पण त्सिम्टश्टेर्नचं पीठ घट्टही असतं आणि चिकटही. ते लाटायला हातात जोर लागतो. विकतच्या आणून ताटलीत ठेवणं त्यांना पटत नव्हतं. म्हणून २०२३मध्ये मी त्यांच्याकडून चिठ्ठी मागून घेतली आणि खाली आपल्या घरी गुपचूप करून पाहिल्या. पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे. तरीही मी तो ट्रे तसाच वर घेऊन गेले. ओमांनी कडेचा एक तुकडा मोडला, चावला, आणि म्हणाल्या, "चव बरोबर आहे. पुढच्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात करा." एवढंच. श्वाबेनमध्ये, म्हणजे आमच्या या प्रदेशात, म्हण आहे, रागावले नाहीत म्हणजे कौतुकच झालं. मी तेवढ्यावर वर्ष काढलं.

जर्मनीत प्रोटेस्टंट लोक आडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, आधीच्या रविवारी आपल्या मृतांची आठवण करतात. टोटेनझोनटाग म्हणतात त्या दिवसाला. तो होईपर्यंत ओमा दिवे लावत नाहीत आणि गुट्सलेच्या साच्यांचा डबाही उघडत नाहीत. २०२४मध्ये तो रविवार २४ नोव्हेंबरला आला. सकाळी त्या यजमानांच्या थडग्यावर हिरव्या फांद्या ठेवून आल्या, आणि सोमवारी दहाला मी वर गेले.

टेबलावर अर्धा किलो बदाम होते, सालीसकट. माझी पहिली चूक तिथेच उघड झाली. मी बदामाच्या वडीच्या सवयीने बदाम रात्रभर भिजवून सोलले होते, मग पुसून मिक्सरला लावले होते. वडीला ते चालतं, कारण पुढे आपण ते मिश्रण पाकात घालून आटवतोच. इथे आटवणं नाही. बदामात मुरलेलं पाणी जातं ते थेट पिठात, आणि ट्रेवर चांदणीला पाय फुटतात. शिवाय या चांदणीला साल हवंच. तो तपकिरी रंग नुसत्या दालचिनीचा नसतो, सालाचाही असतो, आणि सालाचा किंचित तुरटपणा नसेल तर एवढी साखर तोंडात बसते.

दुसरी चूक मिक्सरची. मी कूट बारीक व्हावं म्हणून मिक्सर फिरवतच राहिले होते. दाण्याचं कूट करताना आपण थांबून थांबून का फिरवतो ते मला लहानपणापासून ठाऊक आहे, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. पण बदाम त्या मानाने टणक, म्हणून मी निर्धास्त राहिले. ओमांकडे टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची हाताची चक्की आहे, त्यांच्या आईची. वरून बदाम घालायचे, एका हाताने लाकडी दट्ट्या दाबायचा, दुसऱ्याने दांडा फिरवायचा. आतलं दातेरी नळकांडं बदाम किसत जातं. खाली पडतात ते हलके, कोरडे, पापुद्र्यासारखे कण. मुठीत धरून सोडले तर ते लगेच सुटे होतात, तळव्याला तेलाचा लेश लागत नाही. ओमांनी मला ते तीनदा करून पाहायला लावलं: मूठ धरा, सोडा, तळवा बघा. अर्धा किलोला पाऊण तास लागला. मिक्सरने करायचं असेल तर बदाम आधी फ्रिजमध्ये गार करावेत, मूठभरच घ्यावेत आणि चार-पाच झटक्यांत थांबावं. घरी आता मी तसंच करते, आणि जमतं.

दळता दळता त्या त्यांच्या लहानपणाबद्दल बोलल्या. त्यांचा जन्म १९४१चा. युद्ध संपल्यावर कित्येक वर्षं बदाम दिसले नाहीत आणि साखर कार्डावर. आई परसातल्या हेझलनटची बिस्किटं करायची, तीही थोडी. पश्चिम जर्मनीतलं साखरेचं रेशनिंग १९५०मध्ये उठलं आणि त्या वर्षीच्या नाताळात आईने ही चक्की माळ्यावरून काढली. नऊ वर्षांच्या ओमांनी दांडा फिरवला होता. "त्या वर्षी प्रत्येकाला दोन मिळाल्या," त्या म्हणाल्या. मी त्या तीन चांदण्यांच्या ताटलीचा विचार करत राहिले.

दालचिनी मी नेली होती. दापोलीला सासूबाईंच्या परसात दालचिनीचं झाड आहे, तिथल्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण तेज' जातीचं. फांदीची आतली पातळ साल सोलून सावलीत वाळवली की ती आपोआप गुंडाळत जाते, आणि पुरवणी लावल्यासारखे एकात एक पदर बसतात. बाजारात स्वस्तात मिळते ती बहुतेक वेळा कॅसिया असते: जाड साल, एकच वळण, चव जास्त तिखट. फरक चवीपुरता नाही. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते जास्त प्रमाणात पोटात गेलं तर काही जणांच्या यकृताला सोसत नाही. २००६मध्ये जर्मनीच्या सरकारी जोखीम मूल्यमापन संस्थेने त्याबद्दल सावध केलं, तेव्हा नेमकी याच चांदण्यांची चर्चा झाली होती. लहान मुलं नाताळात त्या मूठभर खातात म्हणून. पुढे युरोपीय संघाच्या २००८च्या नियमात सणाच्या दालचिनीच्या बिस्किटांना किलोमागे ५० मिलिग्रॅम कुमारिनची मर्यादा आली. सिलोनी दालचिनीत कुमारिन अगदी नगण्य असतं, आणि दापोलीचं झाड त्याच जातकुळीचं. ओमांनी कांडी मोडून नाकाशी धरली, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग खलबत्त्यात मी ती कुटली. दोन चहाचे चमचे, सपाट.

प्रमाण असं: तीन अंड्यांचं पांढरं, अडीचशे ग्रॅम पिठीसाखर, साडेतीनशे ग्रॅम बदामाचं कूट, दालचिनी वर सांगितली तेवढी, एक चमचा लिंबाचा रस. ओमा लिंबाऐवजी किर्शवासर, म्हणजे चेरीची दारू घालतात. मुलांसाठी आम्ही लिंबू घेतलं. उरलेलं कूट लाटताना लागतं. मैदा कुठेच नाही. चिठ्ठीत मी हे वाचलं होतं, पण लाटताना पीठ चिकटायला लागलं तेव्हा हात सवयीने मैद्याच्या डब्याकडे गेला होता, आणि मैदा लागलेली बाजू भाजल्यावर कडक झाली होती.

अंड्याचं पांढरं फेटायचं भांडं ओमांनी लिंबाच्या फोडीने आतून पुसून घेतलं. तुपातेलाचा एक थेंब राहिला किंवा पिवळ्या बलकाचा एक धागा पडला तरी फेस चढत नाही. फेस चढला की त्याला जर्मनमध्ये 'आयश्ने' म्हणतात, अंड्याचं बर्फ. भांडं उलटं केलं तरी तो हलता कामा नये. मग पिठीसाखर चाळून चमच्याचमच्याने घालायची आणि फेटत राहायचं. सगळी साखर जिरली की त्याला रेशमासारखी चकाकी येते आणि फेटणीच्या टोकाला वळलेली चोच उभी राहते. आता, दुसरं काहीही घालायच्या आधी, यातले पाच-सहा मोठे चमचे वेगळे काढायचे. हाच तो वरचा पांढरा थर. वाटीवर ओलं फडकं टाकून ठेवायचं, नाहीतर त्यावर साय धरते आणि मग तो नीट पसरत नाही.

उरलेल्या फेसात कूट, दालचिनी, लिंबू. इथे फेस जपायचा नाही, कालवून गोळा करायचा. तो लाडवाच्या मिश्रणासारखा वाटतो, पण हाताला सोडत नाही. ओमांनी तो बोटाने दाबला. खड्डा राहिला आणि बोट जवळजवळ कोरडं निघालं, तेव्हा त्यांनी मान हलवली. गोळा झाकून तासभर गार जागी ठेवला. त्या तासात बदाम ओलावा ओढून घेतात. मागच्या वर्षी मी हा तास वगळला होता.

लाटण्याची वेळ आली तशा ओमा खुर्ची ओढून माझ्या उजव्या बाजूला बसल्या. टेबलावर बदामाचं कूट पसरलं, गोळ्यावरही भुरभुरलं. मी पोळीच्या हाताने लाटायला लागले, कडेपासून, फिरवत. "नको," त्या म्हणाल्या, "मधून बाहेर, आणि उचला." हे पीठ फिरवलं की फाटतं. लाटणं मधोमध ठेवायचं, पुढे ढकलायचं, उचलायचं, परत मधोमध. जाडी पाहायला त्यांनी आपली करंगळी आडवी ठेवली: नखाच्या रुंदीएवढी, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. आपल्याला ते फार जाड वाटतं. मी शंकरपाळ्याइतकं लाटलं होतं तेव्हा चांदण्या वाळून खडा झाल्या असत्या, पसरल्या नसत्या तरीही. आतून मऊ राहायला जाडी लागते.

साचा दर दोन-तीन चांदण्यांनंतर गरम पाण्यात बुडवून झटकायचा. टोकात पीठ अडकतं तेच मोठं दुखणं. ओमांकडे एक साचा आहे ज्याला एका बाजूला बिजागरी आहे, तो दाबला की उघडतो आणि चांदणी अलगद खाली उतरते. खास याच बिस्किटासाठी तसे साचे मिळतात. त्यांची बोटं तो दाबू शकत होती. मग मी लाटत गेले आणि त्या पाडत गेल्या. एकेक टोक तपासून, बिघडलेली परत गोळ्यात टाकून. तीन वर्षांनी त्यांच्या हातून चांदणी पडत होती. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

वरचा थर लावायला मी ब्रश घेतला होता. त्यांनी तो बाजूला ठेवून बोथट टोकाची एक लहान सुरी दिली. मधोमध थेंब ठेवायचा आणि सुरीच्या टोकाने तो प्रत्येक टोकापर्यंत ओढत न्यायचा, कडेच्या केसभर अलीकडे थांबायचं. जास्त झालं तर ओघळून ट्रेला चिकटतं, कमी झालं तर खालचं तपकिरी दिसतं. पहिल्या दहा चांदण्यांना मला वीस मिनिटं लागली. थर जरा घट्ट वाटू लागला तेव्हा ओमांनी त्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकले आणि तो पुन्हा वाहता झाला.

आणि मग भट्टी. माझी सगळ्यात मोठी चूक इथली होती. मी बिस्किट म्हटल्यावर १८० अंशांवर, वरची-खालची दोन्ही आच लावली होती. ओमांनी ओव्हन १४० वर लावला, फक्त खालची आच, ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत, आणि दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवला म्हणजे वाफ बाहेर जाईल. मी विचारलं, एवढ्यावर भाजल्या जातील का? "भाजायच्या नाहीतच," त्या म्हणाल्या, "सुकवायच्या आहेत." मला एकदम आईच्या गच्चीवरचे सांडगे दिसले. वाळवण! वर्षभर मी ज्या बिस्किटाशी झगडत होते ते मुळात वाळवण होतं, आणि वाळवणाला काय लागतं ते मला शिकवायला नको होतं: कोरडं पीठ, मंद ऊब, वारा, आणि घाई नाही. हे कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी ते बदाम भिजवलेच नसते.

चौदा मिनिटांनी ट्रे बाहेर आला. वरून शुभ्र, बोट लावलं तर कोरडं. चांदणी उचलायला गेले तर ओमांनी मनगट धरलं. खालून ती अजून मऊ असते, गरम असताना उचलली तर मोडते. कागदासकट ट्रेवरून सरकवून जाळीवर ठेवायची आणि पूर्ण गार होऊ द्यायची. घट्टपणा नंतर येतो. दुसरा ट्रे बारा मिनिटांत झाला, तिसरा परत चौदा. एकूण बेचाळीस चांदण्या. दोघींनी मिळून, सकाळी दहापासून संध्याकाळी चारपर्यंत. बाहेर उजेड कमी होऊ लागला होता.

त्या पत्र्याच्या डब्यात भरल्या, दोन थरांमध्ये बटर पेपर घालून. डबा गार जागी ठेवायचा. तीन-चार आठवडे सहज टिकतात आणि आठवडाभराने अधिक चांगल्या लागतात, कारण दालचिनी तोवर बदामात मुरते. कडक झाल्याच तर डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवायची, रोज बदलायची, आणि ती कागदावर ठेवायची, चांदण्यांवर नाही.

झाकण लावायच्या आधी ओमांनी एक चांदणी उचलली, उजेडात धरून कड पाहिली, उलटी करून तळ पाहिला. मग एक टोक मोडून खाल्लं. मी टेबल पुसत होते, पण लक्ष तिकडेच. त्यांनी उरलेली पाच टोकं एकेक करून संपवली आणि दुसरी चांदणी घेतली.

मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. हातात वाटी होती, तीन पिवळे बलक, वर थोडं पाणी घातलेलं, सुकू नयेत म्हणून.

"उद्या सकाळी ये," त्या म्हणाल्या. "याची बुटर-एस बिस्किटं करू. नाहीतर वाया जातील."

पाच वर्षांत पहिल्यांदा त्या मला 'तू' म्हणाल्या होत्या. मी हो म्हटलं आणि खाली आले.